गणेशपुरीचा दमट वसंत आणि घरातील एसी

स्थान आणि ऋतू

भिवंडी तालुक्यातील गणेशपुरी तानसा नदीच्या खोऱ्यात, मंदाग्नीच्या डोंगररांगेजवळ वसलेली आहे. गरम पाण्याची कुंडे आणि नित्यानंदांची समाधी यांमुळे गावाचे नाव सर्वदूर पोहोचले आहे. हवामानाच्या दृष्टीने मात्र गावाचे स्थान मधलेच म्हणावे लागते. वसईचा किनारा पश्चिमेला फार लांब नाही, पण गाव किनाऱ्यावरही नाही. त्यामुळे होळीनंतर येथील दिवसाला दोन वेगळी रूपे येतात. सकाळपासून दुपारपर्यंत जमिनीवरून येणारे पूर्वेचे कोरडे वारे असतात आणि पारा अनेकदा चाळिशीजवळ जातो. दुपार कलली की समुद्रावरून खारे वारे आत सरकतात. तापमान उतरते, पण उकाडा वाढतो. रात्रभर हवा दमट राहते आणि पहाटे गवतावर दव दिसते. चैत्र-वैशाखातील हा रोजचा पालट ध्यानात घेतल्याशिवाय घरातील एसीची तयारी नीट होत नाही, कारण दुपारी आणि रात्री यंत्राला दोन निराळी कामे करावी लागतात.

हवेतील पाणी

हवेत पाण्याची वाफ किती आहे हे सांगण्याच्या दोन रीती आहेत. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जितकी वाफ राहू शकते तिच्या तुलनेत प्रत्यक्षात किती आहे, याची टक्केवारी म्हणजे सापेक्ष आर्द्रता. हवा किती अंशांपर्यंत थंड केली असता तिच्यातील वाफेचे पाणी होऊ लागेल, ते तापमान म्हणजे दवबिंदू. एसी समजून घ्यायचा तर दवबिंदू अधिक उपयोगी पडतो. समजा दुपारी तापमान ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ३० टक्के आहे. तेव्हा दवबिंदू सुमारे १९ अंश असतो आणि एक घनमीटर हवेत सुमारे १५ ग्रॅम पाणी असते. संध्याकाळी तापमान ३३ अंशांवर आले आणि आर्द्रता ६० टक्के झाली, तर दवबिंदू २४ अंशांवर चढतो आणि त्याच घनमीटरमध्ये २१ ग्रॅमहून अधिक पाणी असते. हवा सात अंशांनी उतरली, पण तिच्यातील पाणी चाळीस टक्क्यांनी वाढले.

शरीराला जाणवतो तो या दोहोंचा एकत्रित परिणाम. घाम सुकताना त्वचेची उष्णता घेऊन जातो. हवा आधीच वाफेने भरलेली असेल तर तो सुकत नाही, नुसता वाहतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावरील समारंभात उष्माघाताने अनेकांचे प्राण गेले, तेव्हा कोकणपट्टीतील ही दमट उष्णता किती घातक ठरू शकते हे महाराष्ट्राने पाहिले. भारतीय हवामान विभागही हा भेद मानतो. मैदानी केंद्रांवर उष्णतेची लाट ठरवण्यासाठी कमाल तापमान किमान ४० अंश असावे लागते, तर किनारी केंद्रांसाठी ही मर्यादा ३७ अंशांची आहे.

यंत्राचे मूळ काम

आधुनिक वातानुकूलनाचा जन्म उकाड्यामुळे नव्हे, ओलाव्यामुळे झाला. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद ताणला जाई आणि एकावर एक छापायचे रंग जागेवर बसत नसत. तरुण अभियंता विलिस कॅरियर याने थंड नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातील ओल काढण्याची योजना केली. चार वर्षांनी, १९०६ मध्ये, स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकी अभियंत्याने कापडगिरण्यांतील हवेचे नियमन करण्याच्या कामाला ‘एअर कंडिशनिंग’ हे नाव दिले. तेथे गरज उलट होती. कोरड्या हवेत सूत तुटते म्हणून हवा ओलसर करायची होती. यंत्रमागांच्या भिवंडीला ही अडचण नवी नाही.

घरातील स्प्लिट एसी कॅरियरच्याच मार्गाने जातो. आतल्या युनिटमधील कॉइलमध्ये प्रशीतक, म्हणजे बोलीतला ‘गॅस’, द्रवाचा वायू होताना खोलीतील उष्णता शोषतो. कॉम्प्रेसर तो दाबून बाहेरच्या कॉइलमध्ये ढकलतो आणि तेथे तो वायूचा पुन्हा द्रव होताना उष्णता बाहेर टाकतो. आतली कॉइल साधारण ८ ते १२ अंशांवर असते, म्हणजे दवबिंदूच्या बरीच खाली. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसे थेंब येतात तसे कॉइलवर थेंब जमतात, पत्र्यांवरून ओघळून खालच्या पन्हळीत पडतात आणि ड्रेन पाइपने बाहेर जातात. हवा थंड करणे आणि हवा सुकवणे ही दोन कामे एकाच कॉइलवर, एकाच वेळी होतात.

एका खोलीचा हिशोब

दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घेतली तर तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. ही हवा २६ अंश आणि ५५ टक्के आर्द्रतेवर आणायची आहे असे धरू. संध्याकाळची, ३३ अंश आणि ६० टक्क्यांची हवा असेल तर तिच्यात सुमारे ७३० ग्रॅम पाणी असते. त्यातील २७० ग्रॅम काढावे लागते. नुसते तापमान उतरवण्यासाठी सुमारे २७५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, तर एवढ्या वाफेचे पाणी करण्यासाठी सुमारे ६६० किलोज्यूल. म्हणजे हवेपुरते पाहिले तर सुकवण्याचे काम थंड करण्याच्या कामाच्या जवळजवळ अडीचपट आहे.

दुपारच्या ४० अंशांच्या कोरड्या हवेसाठी हेच गणित उलटे होते. तापमान उतरवायला ५३० किलोज्यूलहून अधिक लागतात आणि पाणी काढायला दीडशेच्या आसपास. भिंती, छत आणि सामान यांत साठलेली उष्णता या आकड्यांत धरलेली नाही. ती धरली तर दुपारचा भार आणखी वाढतो. पण मुद्दा स्पष्ट आहे. पारा दुपारी अधिक चढत असला तरी एसीमधून पाणी वाहते ते मुख्यतः संध्याकाळी आणि रात्री, आणि घरगुती एसी बहुतेक रात्रीच चालतो. म्हणून गणेशपुरीसारख्या ठिकाणी एसीची पूर्वतयारी म्हणजे मुख्यतः पाण्याच्या वाटेची तयारी. हंगामी सर्व्हिसिंगमध्ये सर्वाधिक चर्चा गॅसची होते आणि सर्वांत कमी ड्रेन पाइपची; हा क्रम बदलायला हवा.

कूलर येथे का चालत नाही

कूलर पाणी हवेत मिसळून हवा थंड करतो. त्याची सीमा ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या तापमापकावरील, म्हणजे आर्द्र तापमानाने ठरते. नागपुरात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना हे तापमान सुमारे २३ अंश असते. कूलरला वीस अंशांचा वाव मिळतो. कोकणातील ३३ अंश आणि ६० टक्क्यांच्या संध्याकाळी ते साडेसव्वीस असते. वाव जेमतेम साडेसहा अंशांचा, आणि तोही खोलीत आणखी ओल ओतून. गणेशपुरीत कूलर दुपारच्या कोरड्या वेळी खिडकी उघडी ठेवून थोडा उपयोगी पडतो. एसी चालू असलेल्या बंद खोलीत मात्र तो लावूच नये, कारण एक यंत्र काढत असलेले पाणी दुसरे पुन्हा हवेत सोडते.

फिल्टर आणि आतली कॉइल

तयारीची सुरुवात फिल्टरपासून होते. हिवाळाभर बंद असलेल्या युनिटच्या जाळीवर धुळीचा थर असतोच. भिवंडी-वाडा परिसरात त्यात वीटभट्ट्यांची राख, रस्त्यांची धूळ आणि उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी भाजल्या जाणाऱ्या राबाचा धूर यांची भर पडते. यंत्रमाग जवळ असलेल्या घरांत सुताचे तंतू फिल्टरवर अक्षरशः गादीसारखे बसतात. फिल्टर साध्या पाण्याखाली धुऊन सावलीत वाळवणे पुरेसे असते. हंगामात हे काम दर पंधरा दिवसांनी व्हावे आणि मागाच्या शेजारी दर आठवड्याला.

फिल्टर तुंबला की कॉइलवरून जाणारी हवा कमी होते. कॉइलला पुरेशी उष्णता मिळत नाही, तिचे तापमान शून्याखाली घसरते आणि थेंबांचा बर्फ होतो. बर्फाने हवेची वाट आणखी अडते. यंत्र बंद केल्यावर तो सारा बर्फ एकदम वितळतो आणि पाणी पन्हळीत न मावता भिंतीवरून ओघळते. असे पाणी दिसले की गॅस संपल्याचा निष्कर्ष पटकन काढला जातो. गॅस कमी झाल्यानेही बर्फ धरतो हे खरे, पण आधी फिल्टर पाहणे हा शहाणपणाचा क्रम आहे.

फिल्टरमधून सुटलेली बारीक धूळ ओल्या कॉइलवर आणि तिच्यामागच्या दंडगोलाकार ब्लोअरवर चिकटते. ओल, काळोख आणि धूळ एकत्र आली की बुरशी वाढते. पहिल्यांदा एसी लावल्यावर येणारा कुबट वास तिचाच असतो. गणेशपुरीतील भक्तनिवास आणि लॉज यांच्या खोल्या अनेकदा शनिवार-रविवारपुरत्याच उघडतात, त्यामुळे तेथे हा वास अधिक आढळतो. त्यावर सुगंधी फवारा हा उपाय नव्हे. युनिटला खालून पिशवी बांधून पाण्याच्या दाबाने कॉइल आणि ब्लोअर धुणे, म्हणजे तंत्रज्ञ ज्याला जेट सर्व्हिस म्हणतात ते, वर्षातून एकदा आवश्यक आहे. दाब बेताचा हवा. ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे वाकले तर हवेची वाट कायमची अरुंद होते. धुण्याआधी एमसीबी खाली करणे आणि पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, झाकणे यांत तडजोड नको.

ड्रेन पाइप

दीड टनाचा एसी दमट रात्री पूर्ण भारावर चालला तर ताशी दीड ते दोन लिटर पाणी काढू शकतो. हे सर्व पाणी बोटाएवढ्या जाडीच्या एका नळीतून, कोणत्याही पंपाशिवाय, केवळ उताराने बाहेर जाते. त्यामुळे नळीला दर मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार असावा, मध्ये कोठेही ती वर उचललेली नसावी आणि तिचे तोंड बादलीतील वा गटारातील पाण्यात बुडालेले नसावे. तोंड बुडाले की नळीतील हवा अडकते आणि पाणी मागे तुंबते.

हिवाळ्यात ही नळी कोरडी पडते आणि तिच्यात वेगळेच रहिवासी येतात. मातीची घरे बांधणारी कुंभारीण माशी नळीच्या तोंडाशी चिखल भरते. कोळी जाळे विणतात. मुंग्या कण आणून टाकतात. गेल्या हंगामातील बुळबुळीत थर आत सुकून चिकटलेला असतो. एसी चालू होताच तो फुगतो आणि पहिल्याच आठवड्यात नळी बंद होते. तपासणी सोपी आहे. आतल्या पन्हळीत लिटरभर पाणी हळूहळू ओतावे. दोन-तीन मिनिटांत ते सगळे बाहेरच्या टोकाशी मोजून मिळाले तर वाट मोकळी आहे. न मिळाल्यास बाहेरच्या टोकाकडून ओढून घेणे, म्हणजे व्हॅक्यूमने शोषणे, हे आतून फुंकण्यापेक्षा चांगले, कारण फुंकल्याने कचरा पुढच्या वळणावर घट्ट बसू शकतो. त्यानंतर कोमट पाणी आणि थोडे व्हिनेगर पुरते. ब्लीचिंग पावडर किंवा तीव्र आम्ल वापरू नये. ॲल्युमिनियमवर त्याचा परिणाम होतो. बाहेरच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधल्यास माशी शिरत नाही. मात्र चालू हंगामात तोच तुकडा चोंदू शकतो, म्हणून तो अधूनमधून झटकावा लागतो.

गॅसच्या तांब्याच्या नळ्यांवरील काळे फोमचे आवरणही याच वाटेचा भाग मानावे. ते फाटले असेल तर थंड नळीवर भिंतीच्या आतच दव जमते आणि रंगाला पोपडे येतात. गळतीचा संशय मग वरच्या मजल्यावरच्या मोरीवर घेतला जातो.

बाहेरचे युनिट

खोलीतून काढलेली उष्णता आणि कॉम्प्रेसरने वापरलेली वीज या दोहोंची बेरीज बाहेरच्या कॉइलला हवेत सोडावी लागते. बाहेरची हवा जितकी गरम, तितके हे काम जड. म्हणून आउटडोअर युनिट पश्चिमेच्या उन्हात, बंद जाळीच्या पिंजऱ्यात किंवा पत्र्याच्या छपराला लागून असू नये. मागे वीतभर आणि पुढे मोकळी जागा असावी. सावली हवी, पण हवा अडवणारी नको.

कोकणी आवारात एक खास बाब दिसते. आंब्याच्या मोहोरावरील तुडतुडे चिकट गोड स्राव टाकतात आणि झाडाखालची प्रत्येक वस्तू चिकट होते. युनिट आंब्याखाली असेल तर माघ-फाल्गुनात त्याच्या पत्र्यांवर हा चिकटा बसतो आणि पुढची धूळ त्यावर पक्की होते. अशी कॉइल नुसत्या ब्रशने निघत नाही. आतून बाहेरच्या दिशेने पाणी मारून, गरज पडल्यास सौम्य साबणाने धुवावी लागते. वाळलेले गवत, पक्ष्यांची घरटी आणि सर्किटच्या डबीत ऊब शोधत शिरलेल्या पाली यांचीही पाहणी करावी. पाल दोन टोकांना चिकटून पीसीबी जळण्याचे प्रकार ग्रामीण भागात नेहमीचे आहेत.

गरम कुंडांच्या अगदी शेजारी असलेल्या इमारतींत आणखी एक दक्षता लागते. वाफेत गंधकयुक्त वायूचा अंश असेल तर तांबे काळे पडते आणि हळूहळू झिजते. नळ्यांचे जोड काळसर-हिरवे दिसू लागले तर तेथे साबणाच्या फेसाने गळती तपासणे योग्य. नवीन यंत्र घेताना अशा जागी संरक्षक लेप दिलेली कॉइल निवडावी.

गॅसविषयीचा गैरसमज

प्रशीतक हा इंधनासारखा खर्च होत नाही. बंद वर्तुळात तोच तो फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर त्याचा अर्थ एकच: कोठेतरी गळती आहे. गळती न शोधता दर चैत्रात गॅस भरून घेणे म्हणजे पैसा आणि वायू दोन्ही हवेत सोडणे. योग्य रीत अशी की गळती शोधून जोड दुरुस्त करायचा, नळ्यांतील हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने काढायची आणि मग युनिटवरच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. जास्त भरल्यानेही कॉम्प्रेसरवर ताण येतो.

यंत्रात कोणता गॅस आहे हे त्याच पट्टीवर असते. जुन्या यंत्रांत आर-२२ आढळतो. तो ओझोन थराला हानी पोहोचवत असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बाद होत आहे. नव्या यंत्रांत बहुधा आर-३२ असतो, काहींत आर-२९०, म्हणजे प्रोपेन. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, प्रोपेन तर सहज पेटणारा. एकाच्या जागी दुसरा भरणे किंवा नळीत गॅस असताना जोडाला ज्योत लावणे धोक्याचे आहे. हे काम प्रशिक्षित हातांचेच.

वीज

दीड टनाचे यंत्र पूर्ण भारावर सुमारे दीड किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टवर सात अँपिअरच्या आसपास घेते. यासाठी स्वतंत्र एमसीबी, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, १६ अँपिअरचे सॉकेट आणि खरे अर्थिंग लागते. सहा महिने न वापरलेल्या सॉकेटमध्ये जोड सैल आणि काळे झालेले असतात. अर्ध्या तासाने प्लगचे अंग गरम लागले तर यंत्र बंद करून जोड बदलावा. एसीच्या आगी अनेकदा अशाच सैल जोडातून सुरू होतात. जुन्या, ठरावीक वेगाच्या यंत्रांत कपॅसिटर फुगलेला नाही ना हेही पाहावे. गावठाणात संध्याकाळी व्होल्टेज उतरत असेल तर स्टॅबिलायझर लागतो. इन्व्हर्टर एसी कमी-अधिक व्होल्टेज सहन करतो, पण त्याची कक्षा प्रत्येक यंत्राची निराळी असते आणि ती माहितीपुस्तिकेत पाहूनच ठरवावे. वैशाखात वळवाचा गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवणे हा सर्वांत स्वस्त बचाव आहे.

घराची तयारी

वरच्या हिशोबात खोलीतील हवा एकदा सुकवायला २७० ग्रॅम पाणी काढावे लागले. मग नळीतून रात्रभर कित्येक लिटर पाणी कोठून येते? ते बाहेरून येते. खोलीतील हवा फटींमधून तासाला एकदा बदलली, तरी दर तासाला पुन्हा सुमारे २७० ग्रॅम वाफ आत येते. झोपलेली दोन माणसे श्वास आणि घाम यांतून तासाला शंभर ग्रॅमच्या आसपास भर घालतात. आठ तासांत हे तीन लिटर होते. हवा तासाला तीनदा बदलत असेल तर सात लिटरांवर.

कौलारू घरात ही संख्या यापेक्षाही मोठी असू शकते. कौलांची रचनाच हवा खेळती राहावी म्हणून केलेली असते आणि एसी नसताना तोच तिचा मोठा गुण आहे. तेथे एसी लावायचा तर एकाच खोलीला खाली छत करून, भिंत आणि छत यांच्या सांध्यातील फट बुजवून ती वेगळी काढावी लागते. तसे केले नाही तर कितीही टनांचे यंत्र आणले तरी ते बाहेरची रात्र सुकवत बसते. सिमेंटच्या घरात दाराखालची फट, खिडकीच्या सरकत्या काचांचे रबर आणि भिंतीतून नळ्या नेण्यासाठी पाडलेले भोक ही तीन ठिकाणे आधी पाहावीत. ते भोक तर कित्येकदा वर्षानुवर्षे उघडेच राहते.

आतली ओलही मोजायला हवी. बंद खोलीत वाळत घातलेले कपडे, न्हाणीघराचे उघडे दार, शेजारच्या स्वयंपाकघरातील वाफ हे सर्व कॉइलपर्यंत पोहोचते. मात्र खोली पूर्ण बंदही चालत नाही, कारण स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो आणि श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठत जातो. सकाळी खिडक्या पूर्ण उघडून हवा पालटणे हा सोपा मार्ग.

टन आणि सुकवण्याची क्षमता

एक टन म्हणजे चोवीस तासांत सुमारे ९०७ किलो बर्फ वितळवण्याइतकी उष्णता काढण्याची क्षमता, म्हणजेच साडेतीन किलोवॅट. मोठे यंत्र नेहमीच चांगले, ही समजूत दमट प्रदेशात तोट्याची ठरते. गरजेपेक्षा मोठे यंत्र हवा झटपट थंड करते आणि पाणी पुरेसे निघण्याआधीच कॉम्प्रेसर थांबतो. पंखा मात्र चालू राहतो आणि कॉइलवर राहिलेले थेंब पुन्हा हवेत सुकतात. खोली थंड पण चिकट लागते, म्हणून तापमान आणखी खाली आणले जाते आणि वीजबिल वाढते.

इन्व्हर्टर यंत्र थांबण्याऐवजी मंदावते, हा त्याचा गुण. पण फार मंदावले तर कॉइलचे तापमान वर चढते. २६ अंश आणि ५५ टक्क्यांच्या खोलीचा दवबिंदू सुमारे १६ अंश असतो. कॉइल त्याच्या वर गेली की सुकवण्याचे काम शून्य होते. अशा वेळी ‘ड्राय’ मोड उपयोगी पडतो. त्यात पंखा मंद केला जातो, त्यामुळे कॉइल अधिक थंड राहते आणि थंडाव्याच्या तुलनेत पाणी अधिक निघते. वळवाच्या सरीनंतरची, २८ अंशांची ओलसर रात्र ही या मोडची योग्य वेळ. दुपारच्या चाळीस अंशांत मात्र त्याचा उपयोग नाही.

पहिली चाचणी

सर्व धुऊन-वाळवून झाल्यावर यंत्र आधी अर्धा तास नुसत्या पंख्यावर चालवावे, म्हणजे राहिलेली ओल आणि धूळ निघते. नंतर ‘कूल’ मोडवर वीस मिनिटे चालवून आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान मोजावे. आठ ते बारा अंशांचा फरक ठीक समजला जातो. दमट संध्याकाळी तो कमी भरतो, कारण क्षमतेचा मोठा वाटा पाणी काढण्यात जातो. त्यावरून लगेच गॅस कमी ठरवू नये. फरक आणि ड्रेनमधील धार या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात. दमट हवेत फरक कमी आणि धार सलग असेल तर यंत्र आपले काम करत आहे. फरक कमी आणि नळीही कोरडी असेल तर दोष शोधावा. खोलीत दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक टांगला तर हा निर्णय आणखी सोपा होतो. ही तपासणी होळी ते पाडवा या काळात झालेली बरी. त्यानंतर तंत्रज्ञांकडे कामांची रांग लागते.

तापमान किती ठेवावे

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या नियमानुसार १ जानेवारी २०२० पासून भारतात विकल्या जाणाऱ्या घरगुती एसीचे मूळ सेटिंग २४ अंशांचे असते. एक अंश वर ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ब्यूरो सांगतो. आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांत असेल तर २६ अंश आणि मंद छतपंखा बहुतेकांना पुरतो. १८ अंशांवर ठेवल्याने खोली लवकर थंड होत नाही. कॉम्प्रेसर फक्त अधिक वेळ पूर्ण जोराने चालतो. शिवाय भिंती आणि काचा बाहेरच्या दवबिंदूच्या खाली गेल्या की त्यांच्या बाहेरच्या अंगावर दव धरते आणि तेथे बुरशी येते.

निघालेल्या पाण्याचा उपयोग

रात्री मिळणारे पाच-सहा लिटर पाणी क्षारविरहित असते, पण निर्जंतुक नसते. कॉइलवरील धूळ, बुरशी आणि धातूंचे अंश त्यात उतरतात, म्हणून ते पिण्यास किंवा स्वयंपाकास योग्य नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीतही ते घालू नये, कारण तेथे खरे ऊर्ध्वपातित पाणी लागते. फरशी पुसणे, संडासात वापरणे आणि कुंड्यांना घालणे यांसाठी ते चांगले. तानसा खोऱ्यातील धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते आणि त्याच खोऱ्यातील अनेक पाड्यांवर वैशाखात हंडे घेऊन चालावे लागते. अशा भागात हे पाणी भिंतीवरून गटारात सोडून देणे पटण्यासारखे नाही. नळीच्या टोकाशी झाकणाची बादली ठेवावी, तोंड पाण्याच्या वर राहील अशी नळी बांधावी आणि बादली रोज रिकामी करावी, कारण साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूच्या डासांची अंडी आठवडाभरात डास होतात.